शेंदराची रेघ आणि कढीलिंबावरची अळी
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



वर्धापनदिनाच्या दिवशी काही मंगल, काही गोड ऐकावे अशी आपली सर्वांची अपेक्षा असते. अशा दिवशी मी किडे, अळ्या आणि माश्या यांच्याविषयी बोलणार आहे असे कळल्यावर आपल्या चिटणीसबाईंनी माझ्याकडे अशा काही नजरेने पाहिले, की क्षणभर विषय बदलावा असे मलाही वाटले. पण मग मनाशी म्हटले, घराघरांत ज्यांच्याशी आपले रोजचे भांडण चालते त्यांच्याविषयी घटकाभर सलोख्याने बोलायला वर्धापनदिनासारखा दुसरा दिवस कोणता? तेव्हा थोडे सोसून घ्यावे, अशी विनंती आहे.

आरंभी एक कबुली देते. आमच्या परसात कढीलिंबाचे झाड आहे. पावसाळा लागला की त्याच्या कोवळ्या पानांवर अळ्या येतात आणि दोन दिवसांत फांदी बोडकी होते. गेली तीसएक वर्षे माझा शिरस्ता ठरलेला होता. सकाळी चिमटा आणि राखेच्या पाण्याचा डबा घेऊन जायचे आणि एकेक अळी उचलून डब्यात टाकायची. त्यात काही चुकते आहे असे मला कधी वाटले नाही. एकदा शेजारची सात-आठ वर्षांची मुलगी वहीपेन्सिल घेऊन आली. शाळेत एका प्राण्याचे चित्र काढायला सांगितले होते. तिने पानावरची अळी पसंत केली आणि कागद आणायला घरात गेली. ती परत येईपर्यंत मी माझे नित्याचे काम उरकले होते. तिने डब्यात डोकावून पाहिले आणि विचारले, “आजी, तिला पाय किती होते?”

मला सांगता येईना. तीस वर्षे ज्या जिवाला मी रोज मारीत होते, त्याला पाय किती हे मला ठाऊक नव्हते. आजच्या भाषणाचा उगम त्या प्रश्नात आहे.

त्या प्रश्नाच्या मागे लागून मी थोडे वाचू लागले, थोडी चित्रे पाहू लागले. तेव्हा कळले की सव्वाचारशे-साडेचारशे वर्षांपूर्वी युरोपात काही माणसांनी हाच प्रश्न स्वतःला विचारला होता आणि त्याचे उत्तर बारीक कुंचल्याने दिले होते. त्या काळाला आपण प्रबोधनकाल म्हणतो. त्या काळातील कीटकांची लघुचित्रे हा माझा विषय.

‘लघुचित्र’ हा शब्द आपण लहान चित्र या अर्थाने वापरतो. इंग्रजीत त्याला मिनिएचर म्हणतात, आणि त्यातील ‘मिनि’ म्हणजे लहान असाच आपला समज असतो. खरा प्रकार निराळा आहे. लॅटिन भाषेत ‘मिनियम’ म्हणजे शेंदूर! आपल्या मारुतीच्या अंगावरचा शेंदूर. हस्तलिखित पोथ्यांतील ठळक अक्षरे तिकडे शेंदराने रंगवीत. त्या कामावरून हा शब्द निघाला आणि पोथीतील चित्रे आकाराने लहान असत म्हणून पुढे लहान चित्रालाच ते नाव पडले. म्हणजे या परदेशी कलेच्या नावातसुद्धा आपल्या देवळातला शेंदूर बसलेला आहे.

या पोथ्या बहुधा प्रार्थनेच्या असत. पंधराव्या शतकाच्या अखेरीस आजच्या बेल्जियममधील गेंट आणि ब्रूज या शहरांतील कारागिरांनी एक नवी रीत काढली. पानाच्या चारी बाजूंना सोनेरी पट्टा काढायचा आणि त्यावर फुले विखुरल्यासारखी रंगवायची. मग त्या फुलांत एखादी माशी, एखादे फुलपाखरू बसवायचे, आणि त्याच्या पायांशी बारीकशी सावली द्यायची. सावलीमुळे माशी पानावर खरोखरच येऊन बसली आहे असे वाटते आणि हात आपोआप झटकायला पुढे होतो. प्रार्थना करणाऱ्या बाईने माशी हाकलावी आणि मग स्वतःशीच हसावे, एवढी गंमत त्यात होती. कीटक हा तेव्हा पानाच्या कडेचा पाहुणा होता. मध्यभागी देव, संत आणि राजे.

कडेचा हा पाहुणा पानाच्या मध्यभागी आला कसा? जर्मनीतील थोर चित्रकार आल्ब्रेख्ट ड्यूरर याच्या नावाने 1505 सालचे एक चित्र आहे. त्यात एकच भुंगा आहे. हरणाच्या शिंगांसारखे जबडे उगारून तो कोऱ्या कागदावर चालला आहे आणि त्याची सावली खाली पडली आहे. ना फूल, ना देऊळ, ना राजा. एखाद्या सरदाराचे काढावे तसे भुंग्याचे चित्र. ही गोष्ट त्या काळी लहान नव्हती.

पण कीटकांना खऱ्या अर्थाने आपले आयुष्य दिले ते योरिस हूफनागल या माणसाने. त्याची कहाणी जरा सावकाश सांगते, कारण तिचा धागा आपल्या किनाऱ्यालाही लागतो.

हूफनागलचा जन्म 1542 साली अँटवर्प येथे झाला. अँटवर्प हे तेव्हा युरोपातील सर्वांत श्रीमंत बंदरांपैकी एक होते. त्याचे वडील हिऱ्यांचे आणि उंची मालाचे व्यापारी. भगिनींनो, त्या काळी युरोपात हिरा जाई तो मुख्यतः भारतातून. आणि त्याच काळात आपल्या शेजारच्या चौल-रेवदंड्याला पोर्तुगीजांचे ठाणे होते. या किनाऱ्यावरून गलबते भरून माल पश्चिमेकडे जाई. तेव्हा त्या व्यापाऱ्याच्या घरातील सुबत्तेत आपल्या मुलखाचाही थोडाफार वाटा होता असे म्हटले, तर फारशी अतिशयोक्ती होणार नाही.

मुलाने व्यापार करावा अशी घरच्यांची इच्छा. मुलाला चित्रांचे वेड. 1604 साली छापलेल्या चित्रकारांच्या एका चरित्रग्रंथात त्याच्या लहानपणाची आठवण दिली आहे. शाळेत कागद काढून घेतला की हा मुलगा जमिनीवरची वाळू, धूळ गोळा करी आणि तीत काडीने किंवा बोटाने चित्रे काढी. आपल्या समुद्रावर ओल्या वाळूत रेघोट्या ओढणारी मुले पाहिली की मला आता त्याची आठवण होते. पुढे तो व्यापाराच्या निमित्ताने फ्रान्स, स्पेन आणि इंग्लंड हिंडला. जाईल तेथे शहरांची चित्रे काढीत राहिला.

मग 1576 साल उजाडले. पगार थकलेल्या स्पॅनिश सैन्याने नोव्हेंबर महिन्यात अँटवर्प शहर लुटले, जाळले. हजारो माणसे मेली. हूफनागल कुटुंबाची संपत्ती त्या लुटीत गेली. पुढच्या वर्षी वयाच्या पस्तिशीत हा माणूस आपल्या एका मित्राबरोबर गाव सोडून निघाला. मित्र म्हणजे नकाशांचा प्रसिद्ध कर्ता अब्राहम ऑर्टेलियस. वाटेत म्यूनिक येथे तिथल्या ड्यूकने त्याची लघुचित्रे पाहिली आणि किंमत विचारली. हूफनागल संकोचून गप्प राहिला. तेव्हा ऑर्टेलियसनेच पुढे होऊन शंभर सोन्याची नाणी असा आकडा सांगितला, आणि ड्यूकने तो दिला. आपल्या हातच्या भरतकामाचे, पापड-लोणच्याचे मोल सांगताना आपली जीभ कशी अडखळते हे आठवा. मग त्याचा तो संकोच आपल्याला परका वाटणार नाही.

व्यापारी गेला आणि चित्रकार उरला. पुढे तो सम्राट दुसरा रूडॉल्फ याच्या आश्रयाला गेला. 1600 च्या सुमारास त्याचा अंत झाला. जन्मगाव त्याला अंतरले ते अंतरलेच.

या माणसाने काढलेली सुमारे तीनशे लघुचित्रे चार खंडांत आहेत. खंडांना नावे दिली आहेत चार महाभूतांची. आपण पाच मानतो, ते लोक चार मानीत. पृथ्वीच्या खंडात चार पायांचे आणि सरपटणारे प्राणी, जलाच्या खंडात मासे आणि शिंपले, वायूच्या खंडात मुख्यतः पक्षी. मग कीटक कोठे? ते त्याने अग्नीच्या खंडात घातले. त्याच्या मनात काय अर्थ होता यावर पंडित पुष्कळ लिहितात. आपल्या डोळ्यांपुढे मात्र लगेच दिवा आणि पतंगच येतो.

एकेक पान साधारण पोस्टकार्डापेक्षा थोडे मोठे, म्हणजे सुमारे साडेचौदा सेंटिमीटर उंच आणि साडेअठरा सेंटिमीटर रुंद. घोटून गुळगुळीत केलेल्या कातड्याचे. त्यावर सोन्याच्या रेघेची लंबगोल चौकट, आणि तिच्या आत भुंगे, नाकतोडे, चतुर, गांधीलमाश्या, फुलपाखरे, कोळी. कोणी एकेकटे, कोणी सभेला जमल्यासारखे. प्रत्येकाच्या पायांखाली सावली. मिशांचे केसाएवढे पेर, पायांवरची काटेरी लव, पंखांतील जाळी, सारे जिथल्या तिथे. इतके, की आजचे कीटकशास्त्राचे जाणकार त्यांतील कित्येकांच्या जाती ओळखून सांगतात. वर आणि खाली लॅटिन वचने लिहिलेली, काही बायबलातील, काही सुभाषितांसारखी.

त्यात एक पान असे आहे की त्याविषयी वाचून मी थक्क झाले. त्यावर चतुर काढले आहेत. चतुराचा पंख आपण पाहिला आहे ना? काचेसारखा पारदर्शक आणि त्यावर काळ्या शिरांची नक्षी. हूफनागलने धड रंगवले, पाय रंगवले आणि पंखांच्या जागी खऱ्या चतुराचे खरे पंख चिकटवले. ज्याने आयुष्यभर सोने, केस आणि काच कुंचल्याने हुबेहूब उतरवले, त्याने येथे मात्र कुंचला खाली ठेवला. निदान मला तरी त्यात नम्रता दिसते. आपल्या कौशल्याची सीमा कोठे येते हे ज्याला कळते, त्याचे पाहणे खरे.

हे चारही खंड आज अमेरिकेत वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय कलासंग्रहालयात आहेत. 1987 साली श्रीमती रोझेनवाल्ड या बाईंनी ते देणगी दिले. 2025 साली तेथे या चित्रांचे मोठे प्रदर्शन भरले आणि चित्रांशेजारी खरे कीटक, खरे शिंपले मांडले होते, म्हणजे पाहणाऱ्याने ताळा करून घ्यावा. आपल्याला तेथे जाणे नको. नातवंडांच्या हातातील मोबाइलवर ही चित्रे फुकट पाहता येतात. त्यांना म्हणावे, पाच मिनिटे तुमचा खेळ बाजूला ठेवा आणि आजीला चतुराचे पंख दाखवा.

हूफनागलने आणखी एक मौज केली. एका सुलेखनकाराने तीस वर्षांपूर्वी सुंदर अक्षरांची एक पोथी लिहून ठेवली होती. सम्राटाच्या आज्ञेवरून 1591 ते 1596 या काळात हूफनागलने तिच्या मोकळ्या जागेत फुले, फळे आणि कीटक काढले. एका पानावर फुलाचा देठ पानाला चीर पाडून आत खोवल्यासारखा रंगवला आहे. पान उलटून पाहावे तो मागच्या बाजूला तोच देठ बाहेर आलेला! पानाला चीर नाही, भोक नाही. सारी कुंचल्याची करामत. 1592 साली त्याच्या सतरा वर्षांच्या याकोब या मुलाने बापाच्या चित्रांवरून तांब्याचे ठसे करून ती छापली, आणि राजाच्या कपाटातील किडे सामान्य चित्रकारांच्या, कारागिरांच्या हाती गेले. कित्येकांनी त्यांवरून पुढे आपली चित्रे बेतली.

आता कोणी म्हणेल, चित्रे सुंदर असतील, पण याला अभ्यास कसा म्हणायचा? त्याचे उत्तर असे. त्या काळी कीटकांविषयी लोकांची समजूत काय होती? ते चिखलातून, घामातून, सडलेल्या पदार्थांतून आपोआप उपजतात. ही समजूत केवळ त्यांचीच नव्हती. आपल्याकडेही जीवांचे जरायुज, अंडज, स्वेदज आणि उद्भिज्ज असे चार प्रकार सांगितले आहेत, आणि घामा-ओलाव्यातून उपजणारे म्हणून कीटक स्वेदजात घातले आहेत. आपोआप उपजणाऱ्या घाणीकडे निरखून कोण पाहणार? जो पाय मोजतो, पंखाची शीर न् शीर उतरवतो, तो न बोलता असे म्हणत असतो की यात काही व्यवस्था आहे, हे पाहण्याजोगे आहे. शास्त्राची पहिली पायरी हीच. 1602 साली बोलोन्याच्या अल्द्रोवांदी नावाच्या पंडिताने केवळ कीटकांवर मोठा ग्रंथ छापला. 1668 साली इटलीतच फ्रान्चेस्को रेदी याने मांसाची काही भांडी उघडी ठेवली, काहींवर कापड बांधले आणि दाखवून दिले की माशी बसते तेथेच अळ्या होतात. झाकणाचे महत्त्व तुम्हाआम्हाला स्वयंपाकघरात ठाऊकच होते. फक्त त्याचा प्रयोग करून लिहून ठेवायचे आपल्याला सुचले नाही.

आणि येथेच एक स्त्री पुढे येते. मारिया सिबिला मेरियान. जन्म 1647, जर्मनीतील फ्रँकफर्ट येथे. तेराव्या वर्षी तिने रेशमाचे किडे पाळून त्यांची वाढ पाहायला सुरुवात केली. पुढे संसार, दोन मुली, आणि मुलींना चित्रकला शिकवण्याचे वर्ग. तिची पहिली पुस्तके फुलांच्या नमुन्यांची होती, आणि त्या नमुन्यांवरून बायका भरतकाम करीत. म्हणजे आपल्या मंडळाच्या भरतकाम वर्गात ती सहज शोभली असती! पण घरातच डब्यांत अळ्या ठेवून, त्यांना रोज हवा तो पाला घालून ती त्यांच्या बदलाच्या नोंदी ठेवीत होती. 1679 साली तिचे सुरवंटांवरील पुस्तक निघाले. हूफनागलच्या पानांवर अळीही आहे आणि फुलपाखरूही आहे, पण प्रत्येक जण आपापल्या जागी सुटा. मेरियानबाईने अंडे, अळी, कोश आणि फुलपाखरू एकाच पानावर, ज्या झाडावर ते जगतात त्याच झाडावर दाखवले. तिने प्रश्न विचारला तो आईचा होता: हे खाते काय आणि पुढे मोठे होऊन याचे होते काय? 1699 साली, वयाच्या बावन्नाव्या वर्षी, धाकट्या मुलीला बरोबर घेऊन ती समुद्रापार दक्षिण अमेरिकेतील सुरिनामला गेली, आणि 1705 साली तिथल्या कीटकांचा साठ चित्रांचा ग्रंथ तिने स्वतः प्रसिद्ध केला. बावन्नावे वर्ष! आपल्यातील कितीजणी त्या वयात “आता काय आपलं राहिलंय” असे म्हणतात? मीही म्हणत होते.

भगिनींनो, हे सारे दूरदेशचे झाले. अलिबागला याचा काय संबंध, असे कोणी विचारील. तोही आहे.

1766 साली जेम्स फोर्ब्स नावाचा सोळा-सतरा वर्षांचा इंग्रज मुलगा ईस्ट इंडिया कंपनीचा कारकून म्हणून मुंबईला आला. 1784 पर्यंत तो या देशात होता. कचेरीचे काम सांभाळून तो दिसेल ते चितारी. झाडे, पक्षी, किडे, माणसे, देवळे, सारे. त्याने पत्रांची आणि चित्रांची मिळून हजारो पाने भरली आणि 1813 पासून ती चार मोठ्या खंडांत छापून निघाली. 1771 साली महाडजवळच्या दासगावकडे जाताना तो आपल्या अलिबागला आला होता. तेव्हा येथे राघोजी आंग्रे यांचा अंमल होता. अडीचशे वर्षांपूर्वी याच वाड्यांतून, याच माडांखालून एक चित्रे काढणारा मुलगा गेला. आपल्या पणज्यांच्या पणज्यांनी दाराआडून त्याला पाहिलेही असेल. त्याने आपला मुलूख पाहिला, लिहिला, चितारला. आपल्या बायांनी तो त्याहून कितीतरी जास्त पाहिला होता. कोणता किडा कोणत्या पानावर येतो, काजवे कोणत्या झाडावर लागतात, मृगाचा तांबडा किडा कधी निघतो, हे सारे त्यांना ठाऊक होते. पण ते कागदावर आले नाही. त्या गेल्या आणि त्यांच्याबरोबर ते पाहणेही गेले. मला सर्वांत खंत वाटते ती याची.

रोज पाहून नोंद ठेवण्याची गोष्ट आपल्या गावाला नवी आहे असेही नाही. आपली चुंबकीय वेधशाळा पाहा. मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या येणार, त्यामुळे नाजूक उपकरणांत बिघाड होईल, म्हणून ते काम अलिबागला आणले, आणि 1904 सालापासून येथे पृथ्वीच्या चुंबकत्वाची नोंद अखंड चालू आहे. डोळ्यांना न दिसणाऱ्या गोष्टीची नोंद ज्या गावात शंभरांवर वर्षे होते, त्या गावात डोळ्यांपुढे उडणाऱ्या फुलपाखराची नोंद होऊ नये काय?

आता माझ्या कढीलिंबाकडे परत येते. त्या मुलीचा प्रश्न मनाला लागला होता. पुढच्या खेपेला अळी दिसली तेव्हा मी डबा आणला नाही, वही आणली. मला चित्र येत नाही. रांगोळी येते, तेवढ्याच भांडवलावर बसले. पहिल्या दिवशी अळी काळपट-पांढरी, अगदी पक्ष्याची विष्ठा पडावी तशी. मी ती नुसती घाण म्हणून कितीदा टाकली असेल! काही दिवसांनी कात टाकून ती हिरवीगार झाली. मी पेन्सिलीचे टोक जवळ नेले तो तिने डोक्यामागून तांबूस-नारिंगी रंगाचे दुहेरी शिंग बाहेर काढले आणि उग्र वास सोडला. मी दचकले. तीस वर्षांत तिचे हे शस्त्र मी पाहिले नव्हते, कारण तेवढा वेळच मी तिला दिला नव्हता. मग पाय मोजले. पुढे तीन जोड्या टोकदार, म्हणजे सहा. हे खरे पाय. मागचे मांसल ते नुसते धरून ठेवण्यापुरते. शेजारच्या मुलीला हाक मारून मी उत्तर सांगितले. ती म्हणाली, “आजी, मला शिक्षिकाबाईंनी केव्हाच सांगितलं!” असो. उशिरा का होईना, उत्तर मिळाले.

पुढे एके सकाळी अळी दिसेना. शोधता शोधता फांदीला कोश दिसला. कमरेभोवती एक रेशमी धागा, आणि त्याच्या आधाराने मागे रेललेला. आठ-दहा दिवसांनी त्यातून ओले, चुरगळलेले काहीतरी बाहेर आले. तासाभरात त्याचे पंख ताठ झाले. काळ्या पंखांवर पिवळट ठिपके आणि मागच्या पंखांच्या कोपऱ्यात विटकरी डाग. आपल्या अंगणात नेहमी बागडणारे लिंबाळी फुलपाखरू! ते दारात आले की मी कौतुकाने पाहत असे. त्याच्याच लेकरांना मी सकाळी डब्यात टाकीत होते. दोन्ही एकच, हे मला वयाच्या या टप्प्यावर एका वहीने शिकवले.

माझी चित्रे वाईट आहेत. येथे मागच्या टेबलावर ठेवली आहेत, अवश्य हसावे. पण मला त्यांतून एक गोष्ट कळली ती आपल्यापुढे ठेवते. चित्र काढायचे तर निदान अर्धा तास पाहावे लागते, आणि अर्धा तास ज्याच्याकडे पाहिले त्याला चिरडायला हात सहजासहजी उठत नाही. हूफनागलचे घरदार माणसांनी लुटले. त्यानंतर त्याने वर्षानुवर्षे, जगाने तुच्छ मानलेल्या जिवांना सोन्याच्या चौकटीत बसवले. त्याला काय वाटत होते ते मी कशी सांगू? पण ज्याचे मोठे सारे गेले त्याला लहानाची किंमत कळली असेल, एवढे मला मनोमन वाटते.

झुरळे, डास, धान्यातले सोंडे यांच्याशी समेट करा असे मी म्हणत नाही. घर ते घर. पण सरसकट औषध फवारण्यापूर्वी आपण कोणाला मारतो आहोत हे पाहावे. आपल्या पैठणीचे रेशीम किड्याचे, पायांना लावायचा जुना आळता लाखेच्या किड्याचा, मध माशीचा, आणि आपल्या वाडीतील आंबा, भोपळा, पडवळ यांना फळ धरते तेही याच मंडळींच्या येण्याजाण्याने. महाराष्ट्राने तर 2015 साली एका फुलपाखराला राज्याचा मान दिला. काळ्याभोर पंखांवर निळा पट्टा असलेले ते मोठे फुलपाखरू. त्याच्या अळ्याही लिंबाच्या जातीच्या झाडांवरच वाढतात. राज्याचा मानकरी आपल्या परसात जन्माला येत असेल, आणि आपण राखेचे पाणी घेऊन उभ्या!

म्हणून मंडळापुढे एक छोटी सूचना मांडते. मृग नक्षत्रापासून दिवाळीपर्यंत मंडळाची एक वही ठेवावी. प्रत्येकीने महिन्याला एक जीव पाहावा, त्याचे जमेल तसे चित्र काढावे. तारीख, जागा, आणि कोणत्या झाडावर दिसला ते लिहावे. आपल्या घरात, आपल्या आळीत, कोळीवाड्यात, आगरात त्याला जे नाव असेल ते नाव लिहावे, कारण ही नावेही चालली आहेत. पकडून, टोचून ठेवायचे कारण नाही. पाय मोजावेत. सहा भरले तर कीटक. आठ भरले तर तो कोळ्याच्या गोतातला. आपला मृगाचा मखमली किडासुद्धा आठ पायांचा, म्हणजे कीटक नव्हेच! आणि काजवे दिसले तर ते कोठे, किती रात्री दिसले हे मुद्दाम लिहावे. आपल्या लहानपणी दिसत ते आज किती दिसतात, हे ज्याचे त्याने मनाशी विचारावे. पुढे कोणी विचारील तेव्हा उत्तर आपल्या वहीत असले पाहिजे.

चित्र चांगले येणार नाही याची भीती धरू नये. ठिपक्यांची रांगोळी काढणाऱ्या हाताला प्रमाण शिकवावे लागत नाही. पंचवीस वर्षांनी मंडळाच्या एखाद्या वर्धापनदिनाला कोणी नात ही वही उघडील आणि म्हणेल, आमच्या आज्या फार चांगल्या चित्रकार नव्हत्या, पण त्यांनी पाहिले होते. एवढे म्हटले तरी पुष्कळ झाले.